चारशे बारा श्वास

पहिली बाजू वाजून संपली, सुई उचलून जागेवर बसली, तरी आत्याने हेडफोन काढला नाही.

"झोपली की काय?" थोरला म्हणाला.

"झोपतील कशा? त्यांना गाणं ऐकायला बोलावलंयस, तुझ्या गप्पा ऐकायला नाही," वहिनी म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर हसली. सकाळपासून ती अशीच हसत होती. तिच्या लेकीची, चिऊची, पहिली तबकडी घरात आली होती. अजून वर नाव नाही, चित्र नाही, कोरं पांढरं पाकीट. कारखान्याने नमुना म्हणून पाच तबकड्या पाठवल्या होत्या. आज संध्याकाळी पाचच्या आत होकार कळवला की उद्यापासून दोन हजार छापायला घेणार होते.

जावई खिडकीशी फोन हातात घेऊन उभा होता. चिऊच्या गाण्याच्या तारखा, जाहिराती, गावोगावचे कार्यक्रम हे सगळं तोच बघायचा. "आत्या, पास का नापास तेवढं सांगा. सव्वातीन झालेत."

आत्याने सुई उचलून पुन्हा तिसऱ्या गाण्याच्या तोंडाशी टेकवली.

"परत तेच?" थोरला म्हणाला. "तिसऱ्यांदा?"

"मोजतेय."

एकतीस वर्षं आत्याने तबकड्यांच्या कारखान्यात हेच केलं होतं. काचेच्या खोलीत बसायचं, दर पन्नासावी तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि पिवळ्या कार्डावर लिहायचं: दोष कोणता, कुठे, किती वेळा. टिक, खरखर, हेलकावा. नसेल तर शेऱ्याच्या चौकटीत एकच शब्द, ठीक. पहिल्याच दिवशी मुकादमाने बजावलं होतं, "बाई, तबकडीचं ऐकायचं, गाणाऱ्याचं नाही. गाणाऱ्याचं ऐकायला बाहेर जग पडलंय." तो कारखाना बंद पडला, पंधरा वर्षांनी कोणीतरी हौसेने त्यातली दोन यंत्रं पुन्हा चालू केली, आणि चिऊने हट्टच धरला की माझा अल्बम तिथेच छापायचा आणि आत्याने ऐकल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही. आत्याच्या ट्रंकेतून उरलेल्या कार्डांची गड्डी तिनेच शोधून काढली होती. वरचं कार्ड आता आत्याच्या मांडीवर होतं. कोरं.

मोजायची रीत सोपी होती. तबकडीला ओरखडा असेल तर तो दर फेऱ्याला परत येतो, दोन सेकंदांच्या आत, घड्याळासारखा. आत्या डाव्या हाताच्या बोटाने फेरे मोजत होती आणि मनात म्हणत होती, येऊ दे. ह्या फेऱ्याला येऊ दे. टिक असू दे, खरखर असू दे, साचा खराब निघू दे, दोन हजार तबकड्या भंगारात जाऊ देत.

फेऱ्याला काही आलं नाही. ते श्वासाला येत होतं.

चिऊ ओळ संपवायची, श्वास घ्यायची, आणि त्या श्वासाच्या टोकाला काहीतरी बारीक वाजायचं. घट्ट बसलेलं बूच फिरवताना बाटली जराशी कुरकुरते ना, तसं. गाण्यात नव्हतं ते. गाण्याच्या मधल्या फटीत होतं. हे असं वाजलेलं आत्याने ह्याआधी एकदाच ऐकलं होतं, आणि तेव्हा ज्याच्या श्वासात ते होतं तो माणूस आता समोरच्या भिंतीवर फोटोत बसला होता. तिचा दादा. वहिनीचा नवरा, थोरल्याचा आणि चिऊचा बाप.

आत्याने हेडफोन काढला.

"थोरल्या, ह्या गाण्यात तू श्वास ठेवलेस. बाकीच्या नऊ गाण्यांत नाहीत."

"ऐकलंस?" थोरला खूश झाला. गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग सगळं त्याने एकट्याने केलं होतं, मागच्या खोलीत. "बाकीच्यांतले मी कापले. पॉपच्या गाण्यात श्वास मधे आला की ठोका ढिला पडतो. हे चिऊने ठेवायला लावलं. म्हणाली, माझ्या ठकीसाठीचं गाणं आहे, आईच्या कुशीत ऐकल्यासारखं जवळून ऐकू यायला पाहिजे."

"हे सगळ्यात शेवटी केलंत ना?"

"हो, गेल्या महिन्यात."

"कापलेले श्वास कुठे गेले?"

"कचऱ्यात."

"जाळलास की काय कचरा?"

"आत्या, कम्प्युटरचा कचरा जळत नाही," तो हसला. "आहे एका फोल्डरमध्ये. नावच ठेवलंय 'कचरा'. पुढेमागे गंमत म्हणून जोडू म्हटलं. का गं?"

"चल. मला ऐकव."

"आता?" जावई खिडकीपासून पुढे आला. "आत्या, होकाराचं आधी बघूया ना. तुमचे कान म्हणजे कान आहेत, मान्य. पण कापून टाकलेले श्वास ऐकून करायचंय काय?"

आत्या उठलीसुद्धा होती. पलीकडच्या खोलीत चिऊ दहा महिन्यांच्या ठकीला झोपवत होती. बंद दारातून हलक्या थापांचा आवाज येत होता, थप थप, थप थप. नुसत्या थापा. त्या दारावरून जाताना आत्याची पावलं अडखळली. गाणारी बाई पोरीला झोपवते आणि एक ओळसुद्धा गुणगुणत नाही, हे कोणाच्याच कसं ध्यानात आलं नाही?

मागची खोली म्हणजे मूळची अडगळीची. भिंतींना गालिचे ठोकलेले, छताला अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. कोपऱ्यातल्या लाकडी कपाटात जुने कोट लटकत होते आणि त्या कोटांमध्ये उभी राहून चिऊ गायची. तिने तोंड उघडायच्या आधी घरातला फ्रिज बंद करावा लागे, त्याची घरघर येते म्हणून. गाणं झालं की तो पुन्हा चालू करायचं सगळेच विसरत. आठ महिन्यांत तीनदा दूध नासलं होतं, आणि तिन्ही वेळा वहिनीने दूधवाल्याला बोल लावले होते.

थोरल्याने फोल्डर उघडलं. "चारशे बारा आहेत. कसे लावू? गाण्यांप्रमाणे?"

"तारखेने. जुना आधी."

त्याने ते एकामागे एक जोडले आणि बटण दाबलं. दारात वहिनी आणि जावई येऊन उभे राहिले.

सुरुवातीला सगळ्यांना हसू आलं. शब्द नाहीत, सूर नाही, एक मुलगी नुसती श्वास घेतेय. आत, आत, आत. पुस्तकाचं पान उलटावं तसे स्वच्छ, कोरडे श्वास. "पोहायला निघाल्यासारखी वाटतेय," थोरला म्हणाला. वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

दोन मिनिटं तशीच गेली. मग कुठेतरी पानाची कड मुडपल्यासारखी झाली. आत्याने थोरल्याकडे पाहिलं. त्याला अजून कळलं नव्हतं. आणखी वीस श्वास. आणखी तीस. मग त्याची मान वाकडी झाली. तो पडद्याजवळ सरकला, जणू डोळ्यांनी ऐकू येणार होतं. तिसऱ्या मिनिटाला वहिनीचा पदर खाली आला. चौथ्या मिनिटाला आत्याकडे बघायची गरज कोणालाच उरली नाही. प्रत्येक श्वासाच्या टोकाला ते बारीक, ओलसर कुरकुरणं होतं, आणि प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा कणभर लांब होता, दार जड झालंय आणि ढकलायला जास्त जोर लागतोय असा.

शेवटचा श्वास संपला. गालिच्यांच्या खोलीत मुळीच आवाज उरला नाही.

"हे तू कापत होतास?" वहिनीने विचारलं.

"मला काय माहीत, आई! मी एकेक कापत होतो. एकेकटा ऐकला तर काहीच वाटत नाही. कफ वाटतो. मी विचारलंही होतं तिला, ती म्हणाली धूळ आहे, कोट झटक जरा." थोरल्याचा आवाज चढला. "मी झटकले कोट! दोनदा झटकले!"

"असेल धूळच," जावई घाईने म्हणाला. "सर्दी असेल. बाळंतपणानंतर रात्र रात्र जागरण चाललंय तिचं. आपण उगाच घाबरतोय. हे बघा, एकवीस कार्यक्रम ठरलेत, दीड महिन्यात संपतात. मग मी स्वतः नेतो डॉक्टरांकडे. आत्ता तिच्या कानावर घातलं तर ती हातपाय गाळून बसेल. गाणारं माणूस आहे ते, अर्धा आवाज भीतीनेच जातो."

"पण दीड महिना..." थोरला म्हणाला.

"दीड महिना काय मोठासा?" वहिनी मध्येच म्हणाली.

दोघांनीही वळून तिच्याकडे पाहिलं. जावयाने काही म्हणावं आणि सासूने ते उचलून धरावं, हे त्या घरात पहिल्यांदाच होत होतं. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "आठ वर्षांची असल्यापासून ह्या तबकडीची वाट बघतेय ती. वडिलांची तबकडी छातीशी धरून झोपायची. होऊ दे एकदा तिच्या मनासारखं. मग बघू. वन्सं, तुम्ही त्या कार्डावर लिहा ठीक आणि मोकळ्या व्हा."

आत्याला वहिनी कळत होती. वहिनीला वेळ नको होता, न कळणं हवं होतं. कळल्यानंतरचं सगळं तिने एकदा काढलं होतं. दवाखान्याची बाकं, पाटीवर खडूने लिहून बोलणारा नवरा, आणि शेवटी ती पाटीसुद्धा कोरी.

आत्या कपाटाला टेकली. पलीकडच्या खोलीतल्या थापा थांबल्या होत्या. तिच्या कानाला ते लगेच कळलं. थांबल्या, आणि मागोमाग पलंगाची एक फळी वाजली. अजून गप्प बसता आलं असतं.

"मी एकदा लिहिलंय ठीक," आत्या म्हणाली. "दादाच्या तबकडीवर. हाच आवाज होता, वहिनी. दुसऱ्या बाजूला, चौथं गाणं. असाच, श्वासाच्या टोकाला."

वहिनीला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. "केव्हा?"

"तुम्ही त्याला पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलंत, त्याच्या सव्वा वर्ष आधी."

"सव्वा वर्ष."

"हो."

"डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय ना? वर्षभर आधी आणायला हवं होतं म्हणाले. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. माझा हात तुमच्या हातात होता."

"होता."

"आणि तुम्ही ऐकलेलं होतं."

"ऐकलं होतं. काय आहे ते कळलं नव्हतं. पण काहीतरी आहे हे कळलं होतं."

"मग लिहिलं का नाहीत? बोलला का नाहीत?"

आत्याने मांडीवरून आणलेलं ते पिवळं कार्ड वर धरलं. "रकाना नव्हता," ती म्हणाली. "दोष कोणता, कुठे, किती वेळा. सगळं तबकडीचं. गाणाऱ्याचं लिहायला जागाच नव्हती. मला वाटलं, माझं काम तेवढंच. मग वाटलं, गाण्याच्या आनंदात आहे, कशाला बोलू. मग तो आजारी पडला आणि बोलायची वेळच गेली."

"बावीस वर्षं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बावीस वर्षं तुम्ही माझ्या हातचा चहा पिताय."

थोरला खुर्चीत मागे सरकला होता. वहिनीने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. ती वळली आणि जावयाला म्हणाली, "व्हा बाजूला. मी सांगते तिला. दीडमहिनाबिडमहिना काही नाही. आत्ता सांगते."

पण सांगायची वेळ आलीच नाही. चिऊ दाराबाहेर उभी होती, ठकीला खांद्यावर घेऊन.

"किती आहेत म्हणालास?" तिने थोरल्याला विचारलं.

"चिऊ..."

"किती?"

"चारशे बारा."

"परत लाव."

"कशाला आता?"

"ए थोरल्या, माझे आहेत ना? लाव म्हटलं की लावायचं."

पाच मिनिटं ती उभ्यानेच ऐकत राहिली. ठकी तिच्या खांद्यावर झोपेतच आईच्या श्वासांकडे कान लावल्यासारखी निवांत पडली होती. संपल्यावर चिऊ जमिनीवर बसली, गालिच्याला पाठ टेकून.

"मला वाटायचं फक्त मलाच ऐकू येतं," ती म्हणाली. "तिसऱ्या गाण्याची पट्टी मी दोनदा खाली आणली. तुला सांगितलं, शब्दांना शोभते म्हणून. वरचा सूर लागतच नव्हता रे. हिला झोपवताना गाणं तर कधीच सोडलं. म्हटलं, आवाज पुरवून वापरू. अल्बमपुरता तरी पुरेल." ती ठकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "बाबांचं आठवायचं. मग मी रेडिओ मोठा करायचे."

जावई तिच्यासमोर उकिडवा बसला. "मलापण येतं ऐकू," तो म्हणाला. "तू झोपलीस की. मी स्वतःला सांगत होतो की घोरतेय. म्हणूनच सगळ्या तारखा जवळजवळ घेतल्या. म्हटलं, लवकर होऊन जाऊ दे सगळं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"नाही गं. म्हणजे... माहीत करून घ्यायचं नव्हतं."

"बरं कुटुंब आहे आपलं," चिऊ म्हणाली. "सगळ्यांना कान आहेत आणि तोंड एकालाही नाही." तिने हसायचा प्रयत्न केला, आणि त्या हसण्यासाठी घेतलेल्या श्वासाच्या टोकाला ते वाजलं. ह्या वेळी यंत्रातून नाही, खोलीत. चौघांनीही ऐकलं. थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चिऊने आत्याकडे पाहिलं. "आत्या, तबकडी ठीक आहे?"

"तबकडीत काही दोष नाही."

"मग कळवून टाका होकार. तिसरं गाणं आहे तसंच जाईल. थोरल्या, त्यातला एकही श्वास कापायचा नाही आता." मग नवऱ्याला म्हणाली, "आणि कार्यक्रम सगळे पुढे ढकल. कारण विचारलं तर सांग, आवाज दाखवायला गेलीय. जा, पाऊण तास उरलाय फक्त."

तो बाहेर गेला. कारखान्याशी तो दोन वाक्यं बोलला. मग घशाच्या दवाखान्याला फोन लावला, ते बोलणं आत ऐकू येत होतं. हो, गातात. हो, तीस वर्षांच्या. वडिलांना कॅन्सर होता, हो, घशाचाच. उद्या सकाळी आठला, चालेल, चालेल. मग तो अडला. फोनवर हात ठेवून दारात आला.

"विचारतायत, कधीपासून."

दादाच्या वेळीही अगदी हेच विचारलं होतं. तेव्हा वहिनीने नणंदेकडे पाहिलं होतं, नणंदेने खाली, आणि दादाने पाटीवर लिहिलं होतं, झाले थोडे दिवस. डॉक्टरांनी ते वाचून पाटी परत दिली होती.

"थोरल्या," आत्या म्हणाली, "पहिला कुठला होता? मला एकशे शहात्तर वाटतो."

थोरल्याने ओल्या बोटांनी बटणं दाबली. एकशे पंचाहत्तर, स्वच्छ. एकशे शहात्तर. त्याने तो पुन्हा लावला, पुन्हा लावला. "हो. हाच. अकरा मार्च. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं."

"अकरा मार्चपासून," जावई फोनमध्ये म्हणाला. "हो, तारीख नक्की आहे. आमच्याकडे आवाज आहे त्याचा. चार महिने झाले."

चार महिने. वहिनीचे ओठ हलले. ती वजाबाकी करत होती, हे आत्याला दिसलं. सव्वा वर्षातून चार महिने. उरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. आत्यालाही येत नव्हतं.

आत्याने टेबलावर कार्ड ठेवलं. तबकडीच्या कोऱ्या पाकिटाची कड पट्टीसारखी धरली आणि छापील तीन रकान्यांच्या उजवीकडे, समासात, पेनाने एक सरळ उभी रेघ ओढली. वर लिहिलं: गाणाऱ्याचा. त्याखाली एकतीस वर्षांच्या त्याच ठसठशीत अक्षरात भरत गेली. दोष: श्वास आत घेताना टोकाला बारीक आवाज. पहिल्यांदा: अकरा मार्च. किती वेळा: तो धरून पुढच्या दोनशे सदतीस श्वासांपैकी जवळजवळ प्रत्येकात, वाढत.

"हे कारखान्याला द्यायचं नाही," तिने ते चिऊच्या हातात दिलं. "उद्या डॉक्टरांना द्यायचं."

चिऊने वाचलं. "शेरा राहिला."

"तो त्यांनी लिहायचा."

ठकी जागी झाली आणि किरकिरायला लागली. चिऊने सवयीने तोंड उघडलं, मिटलं आणि थोपटू लागली. वहिनी स्वयंपाकघरात गेली. कपांचा आवाज आला. ती पाच कप घेऊन परतली आणि एकेकाच्या हातात देत आली. आत्यापुढचा कप तिने टेबलावर ठेवला, हातात दिला नाही. आत्या त्या कपाकडे बघत बसली. तो उचलायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे तिला समजेना.

"निवेल तो," वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाली. "आणि उद्या साडेसातला तयार राहा, वन्सं. डॉक्टर काय बोलतात ते तुम्ही ऐका, एकूण एक शब्द. माझ्याच्याने ऐकवणार नाही."